फुलांची छापील चित्रे घेताना : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातल्या घरसजावटीच्या लेखात मोने, माने, रन्वार या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकारांच्या फुलदाण्यांच्या चित्रांचा ओझरता उल्लेख होता. त्यावर बरीच पत्रे आली आणि बहुतेक पत्रांचा सूर एकच होता : चित्र आवडले आहे, पण विकत घेताना काय पाहायचे? मोगलाईत ज्या नाशिकला गुलशनाबाद, म्हणजे फुलबागेचे गाव, म्हणत, तिथल्या भिंतींवर फुले हवीशी वाटली तर नवल नाही. निवडक प्रश्नांची उत्तरे देत आहोत.

दिवाणखान्यात सात फुटी सोफा आहे. त्यामागे मोनेची शेवंती लावायची आहे. ऑनलाइन दुकानात तेच चित्र ८ बाय १२ पासून ४० बाय ६० इंचांपर्यंत मिळते. भिंत मोठी आहे, तर सर्वांत मोठे घ्यावे का?
— वाचक, गंगापूर रोड

मापाआधी प्रमाण पाहा. ८ बाय १२ काय किंवा ४० बाय ६० काय, दोन्हींत उंची रुंदीच्या दीडपट आहे. मोनेची १८८२ सालची शेवंती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. तिचे माप १००.३ बाय ८१.९ सेंटिमीटर, म्हणजे उंची रुंदीच्या जेमतेम सव्वापट. हे चित्र १८ इंच उंच छापले तर रुंदी १४.७ इंच यायला हवी. दुकानदार ते १२ इंचांत बसवतो, म्हणजे पावणेतीन इंच चित्र कापून टाकतो. कडेची फुले जातात, कधी सहीही जाते, आणि मूळ चित्र शेजारी नसल्याने कळत काहीच नाही. १६ बाय २० हे प्रमाण मूळ चित्राच्या बरेच जवळचे आहे. त्याहून चांगला उपाय म्हणजे ऑर्डर देताना स्पष्ट लिहायचे : ‘चित्र कुठेही कापू नये, उरलेली जागा पांढरी सोडावी.’ ती पांढरी किनार पुढे फ्रेम करताना उपयोगी पडते.

आता मापाकडे वळू. ही फुलांची चित्रे सगळी सारख्या आकाराची नाहीत. मोनेची शेवंती आणि त्याच संग्रहातली त्याची १८८१ची सूर्यफुले मीटरभर उंच आहेत. मानेने १८८२-८३ मध्ये, शेवटच्या आजारपणात रंगवलेल्या काचेच्या फुलदाण्या मात्र बऱ्याच लहान आहेत, काही तर वहीएवढ्या. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतले स्फटिकाच्या फुलदाणीचे चित्र ३२.७ बाय २४.५ सेंटिमीटरचे आहे. ते ३६ इंच उंच छापले की कुंचल्याचा प्रत्येक फटकारा पावणेतीन पट फुगतो. मानेने एका झटक्यात ओढलेला देठ मग दोरखंडासारखा दिसतो. आमचा नियम असा : मूळ मापापेक्षा लहान छापलेले चालते, सव्वापटीपर्यंत मोठेही चालते, त्यापुढे नको.

तुमच्या सोफ्याचा हिशेब करू. सोफा ८४ इंचांचा आहे, तर चित्राने किंवा चित्रांच्या जोडीने त्याची साधारण दोन तृतीयांश रुंदी, म्हणजे ५६ इंच, व्यापलेली बरी दिसते. उभे एकच चित्र तिथे एकाकी वाटेल. शेवंती आणि सूर्यफुले यांचे आकार जवळजवळ सारखेच, म्हणून जोडी छान जमते. १६ बाय २०चे प्रिंट, भोवती ३ इंचांचा माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची किनार) आणि दीड इंचाची फ्रेमची पट्टी धरली तर एक फ्रेम साधारण २५ इंच रुंद होते. दोन फ्रेम आणि मधले ३ इंच मिळून ५३. सोफ्याची पाठ आणि फ्रेमची खालची कड यांत ६ ते ८ इंच अंतर ठेवा. त्याहून वर टांगले की चित्र सोफ्यापासून सुटून छताकडे निघाल्यासारखे दिसते.

‘झिक्ले’, ‘म्युझियम क्वालिटी’, ‘फाइन आर्ट प्रिंट’ अशी नावे लावून किंमत तिप्पट सांगतात. साध्या पोस्टरपेक्षा यात खरेच काही वेगळे असते का, आणि ते ओळखायचे कसे?
— वाचक, इंदिरानगर

वेगळे असते, पण ते नावावरून कळत नाही. ‘झिक्ले’ हा शब्द १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका छपाईगृहात रूढ झाला. फ्रेंचमध्ये त्याच्या मुळाशी ‘फवारणे’ असा अर्थ आहे. म्हणजे मुळात हा इंकजेट प्रिंटच. हे नाव लावायला कोणाची परवानगी लागत नाही, त्यामुळे शब्द सोडून द्या आणि विक्रेत्याला चार गोष्टी विचारा.

पहिली, शाई पिगमेंट आहे की डाय? डाय शाईचा रंग पाण्यात विरघळलेला असतो. तो सुरुवातीला झगझगीत दिसतो आणि उजेडात लवकर उतरतो. पिगमेंट शाईत रंगाचे घन कण असतात, ते कितीतरी जास्त टिकतात. दुसरी, कागद कशाचा आणि किती जीएसएमचा (चौरस मीटरला किती ग्रॅम वजनाचा)? १०० टक्के कापसाचा, ३०० जीएसएमच्या आसपासचा मॅट कागद या चित्रांना उत्तम. हानेमुलेचा ३०८ जीएसएमचा फोटो रॅग हे त्यातले सर्वांच्या माहितीचे नाव. लाकडाच्या लगद्याचा आम्लरहित कागदही चालतो, फक्त त्याची किंमत कापसाची लावू नये. तिसरी, कागदात ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे तो जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेले रसायन, आहे का? चौथी, फाइल किती पिक्सेलची आहे? ‘हाय रिझोल्यूशन’ हे उत्तर नव्हे, आकडा मागा.

घरी आलेला प्रिंट तपासायला दोन साधने पुरतात. एक, सराफ बाजारात मिळणारे दहापट भिंग. ऑफसेटच्या, म्हणजे प्लेटवरून मोठ्या संख्येने छापलेल्या, पोस्टरवर चार रंगांच्या ठिपक्यांची नियमित, बारीक फुलांसारखी नक्षी दिसते, तर इंकजेटवर बारीक, विखुरलेला फवारा दिसतो. ज्या शहरात १९२५ पासून इंडिया सिक्युरिटी प्रेस आहे, तिथे भिंगाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. दुसरे साधन म्हणजे नोटा तपासायची अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. अंधारात ती कागदाच्या कोऱ्या किनारीवर मारा. कागद निळसर-पांढरा चमकला तर त्यात ब्राइटनर आहे. काही वर्षांत त्याचा परिणाम ओसरतो, कागद पिवळट दिसू लागतो आणि पांढऱ्या फुलांच्या चित्रात ते सर्वांत आधी डोळ्यांत भरते.

ऑफसेटचे पोस्टर म्हणजे फसवणूक असे मात्र नाही. मोठ्या संग्रहालयांच्या दुकानांतली कित्येक पोस्टरे ऑफसेटचीच असतात आणि छान असतात. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा ऑफसेट देऊन पैसे पिगमेंटचे घेतले जातात.

कॅनव्हासवर घ्यावे की कागदावर?
— वाचक, नाशिक रोड

मोनेच्या जाड रंगाच्या चित्रांना कॅनव्हास शोभतो, मानेच्या काचेच्या फुलदाण्यांना कागद. कॅनव्हासला काच लागत नाही, म्हणून समोर खिडकी असेल तर प्रतिबिंबाचा त्रास नाही. पण लाकडी चौकटीवर ताणताना कडेचा दीड इंच चारही बाजूंनी मागे वळतो. चित्रच वळवले तर तेवढी फुले भिंतीकडे तोंड करून बसतात. ‘कडा कोऱ्या किंवा एकरंगी ठेवा’ असे आधीच सांगा. पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडतो, त्यामुळे चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत पाचरी असल्याची खात्री करा. त्या हलकेच ठोकल्या की ताण परत येतो. खिळ्यांनी पक्की ठोकलेली चौकट पुन्हा ताणता येत नाही. वरून पारदर्शक जेलने खोटे फटकारे काढून देतात, ते घेऊ नका. त्यांचा खालच्या फटकाऱ्यांशी काही संबंध नसतो.

परदेशी संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरून ही चित्रे फुकट उतरवता येतात असे ऐकले. ती इथे छापून घेणे कायद्यात बसते का? एकदा प्रयत्न केला तर प्रिंट काळपट आला.
— वाचक, पंचवटी

कायद्यात बसते, पण फाइल कुठली घेता ते महत्त्वाचे. भारतात चित्रकाराच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे कॉपीराइट राहतो. माने १८८३ मध्ये गेला, सेझान १९०६ मध्ये, रन्वार १९१९ मध्ये आणि मोने १९२६ मध्ये, म्हणजे यांची चित्रे केव्हाच मुक्त झाली. (पिकासोचे मात्र २०३३ संपेपर्यंत थांबावे लागेल.) मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून आपल्याकडच्या मुक्त चित्रांची छायाचित्रे कोणत्याही वापरासाठी खुली केली आहेत. शिकागोची आर्ट इन्स्टिट्यूट आणि वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरीही तशी मुभा देतात. चित्राच्या पानावर ‘ओपन ॲक्सेस’ किंवा ‘सीसी झिरो’ असे लिहिलेले असेल तीच फाइल घ्या. शोधयंत्रात सापडलेली कुठलीही प्रतिमा उचलू नका. तिचे रंग कोणी, कधी, कसे बदलले याचा पत्ता नसतो.

मग पिक्सेलचा हिशेब. फाइलची उंची ४००० पिक्सेल असेल तर ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) १३ इंचांचा प्रिंट निघतो आणि २०० पीपीआयला २० इंचांचा. मॅट कागदावर, चार-पाच फुटांवरून पाहायच्या चित्राला २०० पुरते. १५०च्या खाली जाऊ नका. छपाईवाल्याने फाइल ‘मोठी करून’ दिली तर पिक्सेल वाढतात, तपशील वाढत नाही. फाइल पेन ड्राइव्हवर किंवा ईमेलने द्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते, आणि निम्म्या तक्रारींचे मूळ इथेच असते.

काळपटपणाचे कारण बहुधा तुमचा पडदा आहे. मोबाइल आणि लॅपटॉप पूर्ण उजेडावर ठेवून आपण चित्र पाहतो, तर कागद स्वतः उजेड देत नाही. त्यातच मॅट कागदावर गडद भाग आणखी बुडतात. उपाय म्हणजे पूर्ण प्रिंटआधी चाचणीची पट्टी. अंतिम मापातला ६ बाय ८ इंचांचा तुकडा निवडा, ज्यात सर्वांत गडद सावली आणि सर्वांत उजळ पाकळी दोन्ही असतील. तो त्याच कागदावर छापून घ्या आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली न पाहता दिवसा खिडकीपाशी पाहा. पानांच्या सावलीत हिरव्याच्या दोन छटाही वेगळ्या दिसत नसतील तर फाइल थोडी उजळ करायला सांगा. कागदासाठीचे आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग बरोबर उतरावेत म्हणून वापरायची फाइल) वापरता का, हेही विचारा. ‘ते काय असते?’ असे उत्तर आले तर दुसरीकडे जा.

फ्रेमवाला म्हणतो, माउंटची गरज नाही. प्रिंट हार्डबोर्डला फेव्हिकॉलने चिकटवतो, म्हणजे लाटा येणार नाहीत, आणि वाचलेल्या पैशांत रुंद सोनेरी पट्टी लावतो. ऐकावे का?
— वाचक, सिडको

ऐकू नका. पैसे जिथे दिसत नाहीत तिथे घालवायचे, हा या व्यवहारातला मुख्य धडा आहे.

हार्डबोर्ड आम्लधर्मी असतो. दोन-चार वर्षांत त्याचा तपकिरीपणा कागदात उतरतो. पांढरा गोंद सुकल्यावर निघत नाही, म्हणजे चित्र आणि बोर्ड यांचे लग्न कायमचे. शिवाय कागद दमट हवेत पसरतो आणि कोरड्या हवेत आकसतो. नाशिकचा एप्रिल आणि नाशिकचा जुलै यांत हवेचा फरक मोठा. चारी बाजूंनी जखडलेल्या कागदाला हलायला जागा नसते, म्हणून तो मध्येच फुगतो. ज्या लाटा टाळायला चिकटवले, त्याच पहिल्या पावसाळ्यात येतात. आणि माउंट नसेल तर काच थेट प्रिंटला टेकते. दमटपणात शाई काचेला चिकटली की सोडवताना पाकळ्या काचेवर राहतात.

बरोबर रचना आतून बाहेर अशी असते. मागे आम्लरहित बोर्ड. त्यावर प्रिंट, फक्त वरच्या कडेला दोन जागी जपानी कागदाच्या बिजागऱ्यांनी लटकवलेला, खाली आणि बाजूंना मोकळा. बिजागरीला गव्हाच्या स्टार्चची ताजी खळ लावतात. बाइंडरकडची मोरचूद घातलेली खळ नको, त्यातले तांबे कागदाला खाते. सेलोटेप किंवा मास्किंग टेप तर मुळीच नको. त्यांचा डिंक तेलकट डाग होऊन समोर येतो. फ्रेमवाल्याला बिजागऱ्या जमत नसतील तर चार कोपऱ्यांना आम्लरहित कागदाचे त्रिकोणी खिसे करून त्यांत प्रिंट अडकवायला सांगा. ते कोणालाही जमते आणि चित्राला गोंद लागतच नाही. त्यावर १.४ मिलिमीटर किंवा जास्त जाडीचा आम्लरहित माउंट. त्याची खिडकी ४५ अंशांत कापलेली असावी आणि प्रिंटच्या कडेवर ३ ते ५ मिलिमीटर चढावी. मग काच. सगळ्यांत मागे पट्टी आणि बोर्ड यांतली फट झाकणारा कागदी टेप. तो वगळला की कसर आत शिरते आणि तिला स्टार्च फार आवडतो.

माउंटचा काप पाहिला की बोर्डाची जात कळते. स्वस्त बोर्डाचा काप वर्षभरात पिवळा-तपकिरी पडतो, आम्लरहिताचा पांढराच राहतो. दुकानात टांगलेल्या जुन्या फ्रेमांकडे नजर टाका, तिथे पुरावा आयताच मिळतो.

पट्टीचा हिशेब स्वतः करून जा. १६ बाय २०च्या प्रिंटला बाजूंना आणि वर ३ इंच, खाली साडेतीन इंच माउंट धरला तर २२ बाय साडेसव्वीस होते. परिघ ९७ इंच. कोपरे तिरके कापायला पट्टीच्या रुंदीच्या आठपट जादा लागते, दीड इंचाच्या पट्टीला १२ इंच. झाले १०९. थोडी तूट धरून १० फूट. याहून बरेच जास्त लावले असेल तर विचारा. रुंद सोनेरी पट्टी मोनेच्या काळात पॅरिसच्या सलोनमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, चालत असे, पण दहा बाय बाराच्या खोलीत ती चित्राच्या आधी नजरेत येते. पाऊण ते दीड इंचाची साधी लाकडी पट्टी घ्या. कोपऱ्यावरून नख फिरवा. अडकले तर जोड नीट बसलेला नाही आणि पावसाळ्यात तो उघडणारच.

आणखी एक. शक्यतो भर पावसाळ्यात फ्रेम करू नका. केलीच तर प्रिंट आणि बोर्ड आदल्या दिवशी एसीच्या किंवा कोरड्या खोलीत ठेवा, नाहीतर दमट हवा आतच बंद होते.

काच की ॲक्रिलिक?
— वाचक, कॉलेज रोड

वर सांगितलेल्या २२ बाय साडेसव्वीसच्या मापापर्यंत २ मिलिमीटरची काच ठीक. तिचे वजन १.९ किलोच्या आसपास भरते. ३० बाय ४०च्या फ्रेमला २ मिलिमीटरची काच वाकते. ४ मिलिमीटरची घेतली तर नुसती काचच पावणेआठ किलोंची होते. तिथे ३ मिलिमीटरचे ॲक्रिलिक पावणेतीन किलोंत काम भागवते. लहान मुलांच्या पलंगावरही ॲक्रिलिकच. त्यावर ओरखडे लवकर पडतात आणि धूळ ओढली जाते. अमोनियावाला काचेचा स्प्रे मारू नका, ओलसर मऊ कापड पुरते. खरखरीत ‘नॉन-ग्लेअर’ काच माउंटवरून चित्र धूसर करते, तिच्यापेक्षा साधी काच बरी.

पश्चिमेच्या खिडकीसमोर लावलेल्या चित्रातला गुलाबी वर्षभरात उडाला. यूव्ही काच लावली असती तर वाचला असता का?
— वाचक, सातपूर

थोडा जास्त टिकला असता, इतकेच. साधी काच अल्ट्राव्हायोलेटचा बराच भाग आत सोडते आणि यूव्ही काच तो अडवते, पण दृश्य प्रकाशही रंग उडवतोच. संग्रहालये कागदावरच्या नाजूक कामांना ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचे एकक) आसपास प्रकाश देतात, तर दुपारच्या खिडकीपाशी तो आकडा हजारांत जातो. वर्षभरात गुलाबी जाणे ही डाय शाईची खूण आहे. नवा प्रिंट पिगमेंटचा घ्या आणि भिंत बदला. खिडकीसमोरच्या भिंतीऐवजी खिडकी ज्या भिंतीत आहे तीच भिंत बरी, कारण तिच्यावर थेट ऊन येत नाही.

गुलाबी उडणे हे मूळ चित्रांच्याही नशिबी आले आहे. व्हॅन गॉगच्या १८९०च्या, मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या चित्रात आयरिसच्या फुलांमागची पार्श्वभूमी एकेकाळी गुलाबी होती. त्यातला लाल रंग टिकाऊ नव्हता, म्हणून ती आज जवळजवळ पांढरी दिसते. त्यामुळे विक्रेत्याने दाखवलेली पार्श्वभूमी गुलाबी असेल तर ती आजच्या चित्राची नक्कल नाही, कोणीतरी रंग चढवला आहे. (आणि व्हॅन गॉगला मोने-रन्वारसारखा इम्प्रेशनिस्ट म्हणून विकतात तेही ढोबळच, तो त्यांच्या पुढच्या पिढीचा.)

पुण्या-मुंबईहून फ्रेम करून मागवावे का?
— वाचक, मखमलाबाद

काच लावलेली फ्रेम कुरिअरने मागवू नका. फुटलेल्या काचेचे पैसे परत मिळतात, पण तिने ओरबाडलेला प्रिंट मिळत नाही. नुसता प्रिंट निदान ३-४ इंच व्यासाच्या जाड नळीतून मागवा आणि फ्रेम इथेच करा. बारीक नळीत ३०० जीएसएमचा कागद इतका वळतो की सरळ होता होत नाही. नळी उघडल्यावर प्रिंट स्वच्छ कागदांमध्ये ठेवून, वर सपाट वजन देऊन दोन दिवस राहू द्या. उलट बाजूला गुंडाळून सरळ करायला गेलात तर शाईला तडे जातात. मॅट पृष्ठभागावर बोट लावू नका, घामाचा डाग निघत नाही.

आमचा बंगला जुना, दगडी भिंतींचा. पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला ओल येते. तिथे चित्र लावले तर?
— वाचक, देवळाली कॅम्प

ओल दिसत असेल तर तिथे कागदाचे चित्र लावूच नका, कितीही चांगली फ्रेम असली तरी. सलग दमट हवेत, आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते आणि कागदावर तपकिरी ठिपके येतात. घराच्या आतली, दोन खोल्यांमधली भिंत निवडा. तिथेही फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून ५-६ मिलिमीटरचे रबरी किंवा बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळेल.

दगडी भिंतीत खिळा ठोकू नका. ड्रिलने भोक पाडून प्लॅस्टिकची गिट्टी बसवा आणि स्क्रू लावा, जड फ्रेमला दोन. डी-रिंग, म्हणजे फ्रेमच्या मागे तार बांधायच्या कड्या, वरून साधारण एक तृतीयांशावर असाव्यात. तार किंचित सैल ठेवा, फार ताणली तर कोपऱ्यांचे जोड ओढले जातात. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर येऊ द्या. बैठक खालची, गादी-लोडाची असेल तर आणखी ५-६ इंच खाली.

जुलै-ऑगस्टमध्ये एकदा फ्रेम उतरवून मागचा टेप पाहा. तो सुटला असेल, हाताला गार-ओलसर लागत असेल किंवा कुबट वास येत असेल तर ती पाऊस संपेपर्यंत कोरड्या खोलीत उभी करून ठेवा. काचेच्या आतून ठिपके दिसले तर ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका. फ्रेम उघडून प्रिंट सावलीत, मोकळ्या हवेत पूर्ण वाळू द्या, मग मऊ कोरड्या ब्रशने घराबाहेर झटका, आणि जुना माउंट व मागचा बोर्ड पुन्हा वापरू नका.